सकाळचे दोन तास

पहाटे ५.३०

शेडनेटच्या दाराची कडी पावसाळ्यात गंज धरते. ती सरकवली की बोटांना तांबडं लागतं. श्रावण सरत आलाय. रात्रभर पाऊस लागून होता, आता नुसती भुरभुर आहे. बॅटरीच्या उजेडात मी सहाव्या ओळीतल्या तिसऱ्या कुंडीपाशी जाते. काल संध्याकाळी तिथली कळी उमलायच्या बेतात होती.

उमलली आहे. बोटभर लांबीचं फूल. बुडाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला कंदील. म्हणून पुस्तकातलं नाव कंदीलपुष्प. डोंगरातली माणसं या वनस्पतीला खरचुडी म्हणतात. तिचा कंद खाण्याजोगा असतो. गुराखी तो उकरतात, रानडुकरं आणि साळिंदरंही उकरतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. हिच्या कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाहीत, आणि काही तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच कड्यांवर, सड्यांवर उरल्या आहेत.

भिंग लावून नळीत बघितलं तर आत केस दिसतात, सगळे खाली झुकलेले. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत उतरते आणि या केसांमुळे तिला वर येता येत नाही. ती बुडाच्या फुगीर कोठडीत अडकून पडते. तिथे मकरंद शोधताना फुलाचा परागपुंज तिच्या तोंडाला चिकटतो. साधारण दिवसभरानं केस कोमेजतात, ताठ उभं असलेलं फूल कलतं, वाट मोकळी होते आणि माशी निघते ती पुढच्या कंदिलात शिरायला. फुलाचा सगळा संसार या एका दिवसाच्या कैदेवर चालतो.

मी फुलाच्या मागे बॅटरी धरते. कोठडीत दोन काळे ठिपके हलताहेत. नोंदवहीत लिहिते: वेळ ५.४२, फूल ताठ, माश्या दोन.

गेली बारा वर्षं माझा प्रश्न एवढाच आहे. कोणत्या जातीच्या फुलात कोणती माशी जाते? कुंडीत वाढवलेलं रोप परत डोंगरावर लावता येतं, आम्ही लावलंही आहे. पण त्या कड्यावर त्याची माशी उरलेली नसेल तर शेंग धरणार नाही, बी पडणार नाही, आणि आपण लावलेलं झाड हे त्या जागेवरचं शेवटचं झाड ठरेल. संवर्धनाच्या अहवालांत रोपांचा आकडा असतो, माशीचा नसतो. मला तो हवा आहे.

साडेसातपर्यंत मी इथे असते. साडेसातनंतर मी प्र-कुलगुरू.

७.३०

शेडनेटपासून बंगल्यापर्यंत पंधरा मिनिटांची चाल आहे. तेवढ्यात हे दोन तास कुठून आले ते सांगते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला तेव्हा महाविद्यालये व विद्यापीठ विकास मंडळाचं संचालकपद, म्हणजे आम्ही ज्याला बीसीयूडी म्हणायचो ते, गेलं आणि त्यातलं बरंचसं काम प्र-कुलगुरूंच्या टेबलावर आलं. संलग्न महाविद्यालयं, शैक्षणिक आराखडा, संशोधन, मूल्यांकन, नॅकची तयारी. पदाची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली आहे. त्यांची पाच वर्षं संपली की आमचंही पद संपतं. मी रुजू झाले तेव्हा ठरवलं होतं की एवढी वर्षं संशोधन बाजूला ठेवू, नंतर बघू. सगळे हेच सांगत होते, आणि सांगणारे माझे हितचिंतकच होते.

पहिल्या वर्षी मी प्रयोगशाळेत क्वचितच गेले. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीनं प्रबंधाची तीन प्रकरणं वाचायला दिली होती. ती माझ्या टेबलावर नस्त्यांच्या गठ्ठ्याखाली सात महिने पडून राहिली. पाच वर्षांची शिष्यवृत्ती त्या सात महिन्यांत संपली. ती काही बोलली नाही. गावाकडच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली आणि रात्री लिहीत राहिली. दीक्षान्त समारंभात तिला पदवी मिळाली तेव्हा मी मंचावर लाल-सोनेरी अंगरख्यात बसले होते. ती खाली तिच्या आईवडिलांजवळ होती. तिनं हात जोडले. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाच ते साडेसात हा वेळ बांधून घेतला. विद्यापीठाच्या कामाचेच हे पहिले दोन तास आहेत, असं मी मानते. ज्या माणसानं वर्षभरात एक आकडा स्वतः मोजलेला नाही, एक पान स्वतः लिहिलेलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या संशोधनाच्या फायलीवर सही करणं मला पटत नाही. 

एक नियम विद्यापीठासाठीही केला. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी बारापर्यंत मुख्य इमारतीतून कोणत्याही विभागाला बैठकीचं बोलावणं जाणार नाही, ‘आजच्या आज माहिती पाठवा’ असं पत्र जाणार नाही. सुरुवातीला कार्यालयाला हे अवघड गेलं. मंत्रालयातून दुपारपर्यंत माहिती मागवलेली असते, मग विभागप्रमुखांना विचारायचं नाही तर कोणाला? हळूहळू असं लक्षात आलं की दहातली आठ माहितीपत्रकं कार्यालयातल्याच कपाटात असतात, फक्त शोधायचा कंटाळा असतो.

९.१५

टेबलावर तीन गठ्ठे. कार्यालयातल्या मामांनी ते रोजच्यासारखे लावून ठेवलेत: डावीकडे तातडीचं, मध्ये नेहमीचं, उजवीकडे गोपनीय. मामांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. कोणत्या नस्तीत काय अडकलंय हे त्यांना टिपणी न वाचता कळतं.

आज मधल्या गठ्ठ्यातल्या एका नस्तीनं पाऊण तास घेतला. एका सहायक प्राध्यापकाची पदोन्नती. ‘कॅस’ या पदोन्नती योजनेची नस्ती म्हणजे पाठोपाठ जोडलेली प्रमाणपत्रं आणि शोधनिबंध, टिपणी तयार असते, ‘छाननी समितीने शिफारस केली आहे, मान्यतेस्तव सादर’, आणि खाली सहीला जागा. मी निबंध उघडून वाचते. आज तिसऱ्या निबंधाच्या पहिल्या पानावर दोन तारखा शेजारी शेजारी होत्या: नियतकालिकाकडे पोचला ४ तारखेला, स्वीकारला ६ तारखेला. दोन दिवसांत कोणता परीक्षक निबंध वाचून, प्रश्न विचारून, दुरुस्त्या मागवून मोकळा होतो? औषधी वनस्पतीवरचा निबंध, पण नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवला त्याचा क्रमांक नाही. म्हणजे त्यांनी जे झाड वापरलं ते तेच होतं की दुसरंच, हे आता कोणालाही तपासता येणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. यादी होती तेव्हा लोक यादीकडे बोट दाखवायचे. आता कोणतं नियतकालिक चांगलं आणि कोणतं पैसे घेऊन छापणारं, हे ठरवायची जबाबदारी विद्यापीठावर, म्हणजे शेवटी निबंध उघडून वाचणाऱ्या माणसावर आली आहे. माझ्या मते ती तिथेच असायला हवी होती.

त्या शिक्षकांना फोन लावला. ते घाबरले. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे असतात. त्यांच्या विभागातली दोन पदं रिकामी, म्हणून ते पंचवीसच्या घरात तास घेतात. परीक्षा, एनएसएस, नॅकचे तक्ते हे वर आणखी. आवाज खाली आला आणि ते म्हणाले, “मॅडम, गुण भरत नव्हते. पैसे भरले आणि छापून आणलं.” मग मी विचारलं की आकडे तरी खरे आहेत का. ते खरे होते. तीन पावसाळे त्यांनी तालुक्यातल्या वैदूंबरोबर फिरून झाडांची नावं आणि उपयोग लिहून घेतले होते. त्या वह्या घरी आहेत.

टिपणीवर लिहिलं: ‘सदर निबंध वगळून उर्वरित निबंधांच्या आधारे पात्रता तपासून पुनश्च सादर करावे.’ आणि त्यांना सांगितलं, वह्या घेऊन सोमवारी पहाटे सहाला शेडनेटवर या. तीन पावसाळ्यांचं काम असं वाया घालवायचं नसतं.

११.००

विद्या परिषद. कुलगुरू कुलपतींच्या बैठकीसाठी मुंबईत आहेत, म्हणून अध्यक्षस्थानी मी. विषयपत्रिकेवर चौतीस विषय, शिवाय ऐनवेळचे सहा.

मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम झालं, परिनियमांतल्या शब्ददुरुस्त्या झाल्या, दोन नव्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळाली. विषय क्रमांक सतरावर गाडी थांबली.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा सगळा सांगाडा बदलला. संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून आला. मुख्य विषयाबरोबर ‘ओई’ (खुले ऐच्छिक विषय), ‘व्हीएससी’ (व्यावसायिक कौशल्य), ‘एईसी’ (क्षमतावर्धन), भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा नव्या पेट्या आल्या, आणि सत्राचे श्रेयांक तेवढेच राहिले. म्हणजे कुठूनतरी काढणं आलं. वनस्पतिशास्त्राच्या एका प्रस्तावात वर्गीकरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक एकावर आणले होते. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. साठाचे तीस झाले की मुलांनी फूल हातात घेऊन, उभं चिरून, भिंगाखाली धरून ते कोणत्या कुळातलं हे स्वतः ओळखायचे तास गेले. उरलेल्या वेळात पडद्यावर चित्रं दाखवता येतात, आणि तसं दाखवण्याची शिफारसही जोडली होती.

हा माझा विषय. बोलायला शब्द ओठांवर आले होते. पण अध्यक्षानं खुर्चीवरून स्वतःच्या विषयासाठी भांडायचं नसतं. एकदा मी भांडले की उद्या भौतिकशास्त्राच्या, इतिहासाच्या सदस्यांना मी काय सांगणार? मी गप्प बसले आणि विचारलं, “यावर कोणाला बोलायचं आहे?”

मागच्या रांगेतून घाटाखालच्या एका तालुक्यातल्या महाविद्यालयाचे शिक्षक उठले. विद्या परिषदेत ते दोन वर्षं आहेत, पण त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी कागद आणला नव्हता.

“मॅडम, माझ्या कॉलेजात चांगले मायक्रोस्कोप चार आहेत. स्मार्ट बोर्ड बंद पडलाय. पण इमारतीच्या मागे डोंगर आहे. माझी मुलं जनावरं घेऊन त्याच डोंगरावर जातात. त्यांना झाडाची चार नावं येतात, आजीनं शिकवलेली. पाचवं नाव शिकवायला मला साठ तास लागतात. तीस तासांत मी त्यांना त्यांच्याच डोंगराचा फोटो दाखवू का?”

सभागृह शांत झालं. प्रस्ताव मांडणाऱ्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांचीही अडचण खरी होती. त्यांनी श्रेयांकांचा तक्ता उलगडून दाखवला. त्यात हलवायला जागा नव्हती. अर्धा तास चर्चा झाली. वाट मानव्यविद्या शाखेच्या एका सदस्यांनी काढली, याचं मला जास्त समाधान वाटलं. नव्या सांगाड्यात क्षेत्रीय प्रकल्प आहेच. बहुतेक महाविद्यालयं तो सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या वाटून उरकतात. वनस्पतिशास्त्राच्या मुलांचा क्षेत्रीय प्रकल्प आपापल्या परिसरातल्या वनस्पतींची नोंद हाच ठेवायचा. प्रत्येक मुलानं ठरावीक संख्येनं नमुने गोळा करून, ओळखून, वाळवून महाविद्यालयात जमा करायचे. दुर्मीळ जात असेल तर उपटायची नाही, फोटो आणि नोंद पुरेशी. गेलेले तीस तास असे परत आले, आणि प्रत्येक तालुक्याला स्वतःचा वनस्पतिसंग्रह मिळायची सोय झाली.

ठराव एकमतानं मंजूर. इतिवृत्तात तो साडेतीन ओळींचा असेल. यंदाच्या वर्षात माझ्या अध्यक्षतेखाली झालेला सगळ्यात मोलाचा ठराव हाच, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढचे सतरा विषय पाऊण तासात संपले.

१.५०

डबा. भाकरी, पावट्याची उसळ, दही. दार बंद, फोन उलटा. बारा मिनिटं.

२.३०

दाराबाहेर एक मुलगी बाकावर बसलेली होती, सोबत वडील. मामांनी चिठ्ठी आत पाठवली. तिच्या बी.कॉम.च्या शेवटच्या सत्राचा निकाल राखीव. सोमवारी पुण्यात नोकरीवर हजर व्हायचंय, गुणपत्रिका दाखवल्याशिवाय घेणार नाहीत. परीक्षा विभागाच्या खिडकीवर ती तीनदा जाऊन आली. दर वेळी उत्तर एकच: कॉलेजला विचारा. कॉलेज म्हणतं, आम्ही पाठवलंय. एसटीनं येऊन-जाऊन दोघांचे पैसे गेले, वडिलांचे तीन दिवसांचे रोजगार बुडाले.

कायदा सांगतो, शेवटच्या पेपरनंतर तीस दिवसांत निकाल लावा, फार तर पंचेचाळीस दिवसांत. बहुतेक निकाल त्यात लागतातही. पण वेळेत लागलेल्या निकालाच्या यादीत जी मुलं ‘राखीव’ असतात त्यांच्यासाठी पंचेचाळीसावा दिवस उगवतच नाही.

फोन करून चाललं असतं. पण मी तिला आणि वडिलांना घेऊन परीक्षा भवनात चालत गेले. मुद्दाम. अधूनमधून तिथे गेलं पाहिजे. गठ्ठे, लाखेचा वास, ‘कॅप’वरून, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावरून, परत आलेल्या पेट्या, आणि संगणकापुढे बसलेली, निम्मी कंत्राटी असलेली मुलं. त्यांच्यातल्या एकानं तिचा आसनक्रमांक टाकला. अंतर्गत गुणांच्या रकान्यात एका विषयापुढे कोरी जागा. कॉलेजनं गुण पाठवले होते, पण आसनक्रमांकातले दोन अंक उलटे पडले होते. तिचे गुण दुसऱ्याच कुठल्या क्रमांकावर जाऊन अडकले होते, आणि त्या क्रमांकाचा मुलगाच नव्हता.

प्राचार्यांकडून दुरुस्तीचं पत्र मेलवर मागवलं, परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची सही झाली, चार वाजता गुणपत्रिका तिच्या हातात. वडील पाया पडायला वाकले. मी त्यांना धरलं. ज्या चुकीची शिक्षा त्यांनी तीन दिवस भोगली ती दुरुस्त झाल्याबद्दल त्यांनी वाकावं, हे सहन होत नाही.

संचालकांना सांगितलं की जिथे अस्तित्वात नसलेल्या क्रमांकावर गुण आलेत अशी सगळी प्रकरणं आज रात्री यंत्रणेतून काढा. माशी कुठल्या फुलात गेली हे शोधताना आम्ही रिकाम्या फुलांचीही नोंद ठेवतो. रिकाम्या नोंदी बघितल्याशिवाय चूक सापडत नाही, ही सवय मला तिथून लागली.

४.२०

भेटी. एका विद्यार्थी संघटनेचं निवेदन, वसतिगृहातल्या पाण्याबद्दल. बरोबर होतं, अभियंत्यांना जागेवर पाठवलं. एका संस्थाचालकांना नव्या तुकडीची मान्यता हवी होती, शिक्षक नेमलेले नव्हते, मान्यता नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं शिष्टमंडळ आलं. वर्षातले ठरावीक महिने काम, ठरावीक तास, आणि मानधन कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. त्यातल्या दोघांकडे सेट, एकाकडे पीएच.डी. मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या विभागात जितके कायम शिक्षक होते त्याच्या निम्मेही आज नाहीत. जागा याच लोकांनी धरून ठेवली आहे. विद्यापीठ विभागांतलं त्यांचं मानधन दर महिन्याला काढायची व्यवस्था आम्ही केली आहे. पदभरतीचा निर्णय शासनाचा. ते मी त्यांना तसंच सांगितलं, आशा लावली नाही.

५.४५

वनस्पतिसंग्रहालय. दिवसातली दुसरी जागा, जिथे मी शिक्षिका असते.

‘कमवा व शिका’ योजनेतला एक मुलगा नमुने दाबतोय. दाबयंत्राच्या फळ्या सोडवून वर्तमानपत्राच्या घड्या एकेक उलगडायच्या, दमट कागद काढून कोरडा घालायचा. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा करावं लागतं, नाहीतर पानं काळी पडतात, बुरशी धरते. तो पान उलटं करून ठेवतो, म्हणजे एका फांदीवर पानाच्या दोन्ही बाजू दिसाव्यात. हे त्याला कोणी एकदाच सांगितलं असेल. चिठ्ठीवर लिहितो: नाव, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तारीख विसरली तर नमुना म्हणजे नुसतं वाळलेलं झाड.

कपाटावर थिओडोर कुक यांच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’चे खंड आहेत. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी सह्याद्रीत फिरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आधी त्यांनाच विचारतो. कुक शिक्षणानं इंजिनिअर. १८६५ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महाविद्यालय चालवत त्यांनी झाडं गोळा केली, आणि निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून १९०१ ते १९०८ या काळात हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडचं उदाहरण महामहोपाध्याय काणे. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. मध्ये वकिली झाली, आणि १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपदही झालं. शेवटचा खंड आला तेव्हा वय ब्याऐंशी. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू अप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड सिद्ध केले. पद आणि अभ्यास बरोबर चालत नाहीत, असं मला सांगणाऱ्यांना मी ही तीन नावं सांगते.

सहा वाजता माझे दोन संशोधक विद्यार्थी आले. २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. या पदावर असेपर्यंत मी तिघांच्या वर घेत नाही. त्यातली तिसरी आत्ता एका सड्यावर तंबूत आहे. आलेल्या दोघांतल्या मुलानं चौथ्या प्रकरणाचा मसुदा दिला. मी त्याच्यासमोर कॅलेंडरवर तारीख लिहिली: दहा दिवसांनी, लाल शाईत दुरुस्त करून. ती तारीख चुकली तर त्यानं मामांना सांगायचं, मामा मला दारात अडवतात. दोनदा अडवलंय.

मुलीनं माश्यांच्या नोंदी दाखवल्या. एका जातीच्या त्रेसष्ट फुलांपैकी बावन्न रिकामी. तिचा चेहरा उतरला होता. “मॅडम, काहीच मिळालं नाही.” आम्ही दोघी बराच वेळ ती वही बघत बसलो. भरलेली अकरा फुलं कुठली? सगळी सड्याच्या पूर्वेकडच्या कडेची, जिथे अजून गुरं चरतात. पश्चिमेला दोन वर्षांपूर्वी कुंपण घातलं, तिथे एकही नाही. गुरांच्या शेणावर वाढणाऱ्या माश्यांशी याचा संबंध असेल का? नसेलही. एका हंगामावरून काही म्हणायचं नाही. पण पुढच्या पावसाळ्याचा प्रश्न मिळाला, आणि तो तिनं शोधलाय. ती उठली तेव्हा तिचं तिलाच हसू येत होतं.

७.४०

घर. वरण-भात. सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा बेंगळुरूहून फोन. 

९.४०

टॉर्च घेऊन परत शेडनेट. पाऊस थांबलाय, रातकिड्यांचा आवाज. सहाव्या ओळीतली तिसरी कुंडी. फूल अजून ताठ आहे. कोठडीत आता तीन ठिपके. पहाटेपर्यंत केस कोमेजतील, फूल कलेल आणि माश्या बाहेर पडतील. मी वहीत वेळ लिहिते आणि कडी लावते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी येत्या महिन्यात गडावर, सड्यावर, देवराईत जाणार असेल आणि गवतात असा बोटभर कंदील दिसला, तर कृपया तो तोडू नका, कंद उकरू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आजूबाजूला गुरं चरतात का ते पाहा. आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना नेऊन दाखवा. ते दिवसभर नॅकचे तक्ते भरून दमलेले असतील. तरी दाखवा.